जन्मजात सीएमव्हीच्या चाचणीसाठी राज्यात कायदा व्हावा म्हणून पालकांनी नेमकं काय करायचं? (अमेरिका)

रानजाई

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसतं वाचत आलोय, लिहितोय पहिल्यांदाच. राज्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, समजून घ्या.

आमची धाकटी जन्मली तेव्हा हॉस्पिटलातच कानाची तपासणी झाली आणि डाव्या कानाला 'रेफर' आलं, म्हणजे नापास, पुन्हा तपासा. नर्स म्हणाली, कानात पाणी असेल, पुष्कळ बाळांना असतं, चार आठवड्यांनी परत बघू. चार आठवड्यांनी परत तेच. मग ऑडिऑलॉजिस्ट, मग झोपवून केलेली एबीआर टेस्ट (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी), आणि निदान: डाव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, उजवा तूर्तास बरा. पुढे ईएनटीने सहज विचारावं तसं विचारलं, "सीएमव्ही तपासला होता का?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. नावच पहिल्यांदा ऐकत होतो. सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, लहान मुलांच्या लाळेतून-लघवीतून पसरणारा विषाणू. गरोदरपणात तो आईकडून पोटातल्या बाळाला लागू शकतो.

तोवर वेळ निघून गेली होती. लाळेची किंवा लघवीची साधी पीसीआर चाचणी, पण ती जन्मापासून २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. त्यानंतर विषाणू सापडला तरी तो पोटात असतानाच लागला की नंतर, हे सांगता येत नाही. आम्हाला शेवटी कळलं ते जन्माच्या वेळी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यावरून. आमच्या राज्यात ते कार्ड लॅबमध्ये काही काळ ठेवतात, ते मागवून तपासलं. पॉझिटिव्ह. व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध द्यायचं की नाही हे पहिल्या महिन्यातच ठरवायचं असतं म्हणे. आमच्यावर ते ठरवायची वेळच आली नाही.

माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट ही, की २१ दिवसांची मुदत असताना दुसरी तपासणी चौथ्या आठवड्यात ठेवण्याची पद्धत कोणी आणि का पाडली असेल?

बायकोचं दुःख वेगळं आहे. त्या काळात मोठा मुलगा डेकेअरला जायचा, त्याच्या ताटलीतलं उरलेलं ती खायची, कोण टाकून देतं? गरोदरपणात डॉक्टरांनी कच्चे मासे खाऊ नका, मांजराची विष्ठा साफ करू नका, फ्लूची लस घ्या, सगळं सांगितलं. आमच्याकडे मांजर नाही. डेकेअरला जाणाऱ्या मुलाच्या लाळेबद्दल नऊ महिन्यांत कोणी चकार शब्द काढला नाही.

वाचता वाचता कळलं की युटा राज्याने २०१३ मध्येच यावर कायदा केला, आणि तिथे बिल मांडणाऱ्या आमदारबाई अशा एका बाळाच्या आजीच होत्या. आमच्या घरात कोणी आजी आमदार नाही. मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मतदानाचा हक्क नाही, आयुष्यात कुठल्या नेत्याला भेटलेलो नाही. तरी हे आमच्या राज्यात व्हावं असं फार वाटतं. मला बोलायचा अधिकार आहे का? सुरुवात कुठून करायची? आणि मुलीचं नाव, फोटो हे सगळं चव्हाट्यावर मांडावंच लागतं का? बायकोची त्याला अजिबात तयारी नाही.

पारावरचा

तुमच्या मुलीला शुभेच्छा. पण स्पष्ट सांगतो, व्हिसावर असताना या भानगडीत पडू नका. इथे कायदे लॉबीवाले करतात, तुमच्या-माझ्यासारख्याला कोण विचारतो? मुलीच्या थेरपीवर लक्ष द्या. ग्रीन कार्ड हातात आलं की मग बघा काय ते.

कृष्णाकाठ

पारावरचा, तुमची काळजी समजते, पण माहिती अर्धवट आहे. रानजाई, मी जरा लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, दोन्ही कानांना कॉक्लियर इम्प्लांट, कारण हेच. आमच्या राज्यातल्या बिलामागे मी आणि आणखी काही आया होतो. आधीच्या अधिवेशनात ते समितीतच बसून राहिलं, पुढच्यात पास झालं, थोडी छाटणी होऊन. त्या वेळी मीही एच-वन-बीवाल्याची बायको होते. मत नव्हतं, नोकरीचा परवानासुद्धा नव्हता.

अधिकाराचं आधी. सरकारकडे गाऱ्हाणं मांडायचा हक्क इथल्या संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीत 'लोकांना' दिलेला आहे, फक्त नागरिकांना नाही. आमदाराला पत्र लिहा, भेटा, समितीपुढे साक्ष द्या, सगळं चालतं. शिवाय मतदारसंघ आखताना जनगणनेतली सगळी माणसं धरतात, नागरिक असोत वा नसोत. म्हणजे तुमचं, बायकोचं आणि पोरांचं डोकं मोजूनच त्यांची सीमा ठरली आहे. पथ्यं दोन. निवडणुकीच्या प्रचाराला एक डॉलरही द्यायचा नाही. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसाला ते संघराज्याच्या कायद्याने बंद आहे, अगदी गावच्या निवडणुकीलासुद्धा. दुसरं, 'मी नोंदणीकृत मतदार आहे' असं लिहिलेल्या कुठल्याही कागदावर सही नको, कितीही चांगल्या कामाचा असला तरी. कोणी विचारलं तर "मी तुमच्या मतदारसंघात राहतो" एवढं म्हणायचं. ते खरंही आहे आणि पुरेसंही.

आता मुख्य. तुम्ही विचारताय सुरुवात कुठून करायची, तर आमदारापासून करू नका. तुम्हाला नेमकं काय हवंय, ते आधी एका वाक्यात लिहून काढा. 'सीएमव्हीबद्दल काहीतरी करा' असं घेऊन जाणाऱ्या पालकाला सगळे हळहळून बघतात, पाणी देतात, आणि तो परत येतो.

राज्यांनी आजवर जे केलंय त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार. नुसती जागृती: गरोदर बायका, डॉक्टर, डेकेअर यांना माहिती द्यायची. दुसरा, जे बाळ कानाच्या तपासणीत नापास होईल त्याची सीएमव्ही चाचणी करायची. युटाच्या २०१३ च्या कायद्यात हे दोन्ही होतं, आणि मागून कनेक्टिकटसारखी राज्यं त्या वाटेने गेली. तिसरा, सरसकट सगळ्या बाळांची चाचणी. जगात पहिल्यांदा ते कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने २०१९ मध्ये सुरू केलं आणि अमेरिकेत मिनेसोटाने फेब्रुवारी २०२३ पासून.

मिनेसोटाची गोष्ट लोक अर्धीच सांगतात. तिथे २०२१ मध्ये जो 'विवियन ॲक्ट' झाला, त्यात आमदारांनी 'उद्यापासून सगळ्यांची टेस्ट करा' असं फर्मान काढलं नव्हतं. जागृतीचं काम आरोग्य खात्याला लावून दिलं आणि सीएमव्ही हा नवजात तपासणीच्या यादीत घ्यावा का, याचा विचार खात्याच्या सल्लागार समितीने करावा असं म्हटलं. समितीने हो म्हटलं, मग आयुक्तांनी मान्यता दिली. तुमच्या राज्यातही अशी समिती बहुतेक असेल, तिच्या बैठका जाहीर असतात आणि शेवटी जनतेला बोलायला वेळ ठेवलेला असतो. रिकाम्या खुर्च्या असतात हो तिथे. आमदारांच्या ऑफिसात जायच्या आधी एकदा तिथे बसून या. संघराज्य पातळीवरच्या शिफारशींच्या यादीत सीएमव्ही नाही, म्हणून वरून कोणी सांगेल आणि राज्य आपोआप करेल याची वाट बघण्यात अर्थ नाही.

तुमच्या जागी मी असते तर काय मागितलं असतं? सरसकट चाचणी हीच खरी गोष्ट आहे, त्यात वाद नाही. कानाच्या तपासणीवरून गाळून घेतलं तर सीएमव्हीमुळे जन्मतः ऐकू कमी येणाऱ्या बाळांपैकी साधारण ५७ टक्केच हाती लागतात, असं एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. काही बाळं पहिली तपासणी पास होतात आणि ऐकणं नंतर ढासळतं. पण ज्या राज्यात काहीच नाही तिथे पहिल्या वर्षी सरसकटचं बिल घेऊन गेलात तर खर्चाच्या आकड्यापाशी गाडी थांबते. तुमची हकिगत एका अगदी नेमक्या कलमाची आहे: कानाच्या तपासणीत नापास झालेल्या बाळाची चाचणी २१ दिवस भरायच्या आत झालीच पाहिजे, आणि ती करून घेणं ही कोणाची जबाबदारी हे कायद्यात लिहिलेलं असलं पाहिजे. याला 'नको' म्हणणं अवघड जातं. चौथ्या आठवड्याचं तुम्ही विचारलंत. देशभर कानासाठी जो दंडक आहे तो एक-तीन-सहाचा: एका महिन्याच्या आत तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार-थेरपी सुरू. कानापुरता तो ठीकच आहे. सीएमव्हीचे २१ दिवस त्या महिन्यात बसत नाहीत, एवढंच. माझ्या मते साक्षीत बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे कॅलेंडर तेवढं समितीपुढे ठेवा.

वेळेचं गणित. अधिवेशनं दर राज्यात वेगळी. युटाचं ४५ दिवसांत आटोपतं, टेक्सासचं विषम वर्षीच भरतं आणि १४० दिवस चालतं, काही राज्यांत वर्षभर चालू असतं. पण बिलाचा मसुदा बहुतेक ठिकाणी आदल्या शरद ऋतूत लिहिला जातो. जानेवारी-फेब्रुवारीत पहिल्यांदा दार वाजवलंत तर ते गोड बोलून पुढच्या वर्षाचं सांगतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात जा. तेव्हा ते गावातच असतात आणि घाईत नसतात.

कोणाला भेटायचं? पहिली भेट तुमच्याच भागाच्या आमदाराची, दोन्ही सभागृहांतल्या. बिल त्यांनीच मांडावं असं नाही. आरोग्य समितीवरचा सदस्य मांडेल तर उत्तम, पण त्याच्यापर्यंत न्यायला आपला माणूस लागतो. भेट पंधरा मिनिटांची, आणि बहुतेक वेळा समोर आमदार नसतोच, पंचविशीतला एखादा सहायक असतो. हिरमुसायचं नाही. बिलाचा मसुदा कुठे अडलाय, समितीच्या अध्यक्षांचा मूड काय, सगळं त्यालाच माहीत असतं. त्याच्या हातात एकच पान द्या. वर तुमची एक मागणी. मध्ये आकडे: सीडीसी (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) सांगते तसं, दर २०० बाळांपैकी साधारण एक बाळ हा संसर्ग घेऊन जन्मतं, आणि अशा पाचांपैकी साधारण एकाला पुढे कायमचा त्रास होतो, त्यात बहिरेपण मुख्य. खाली फोन नंबर. संशोधनाची भेंडोळी घरी ठेवा. मागितली तर पाठवू.

आता बिलं मरतात कुठे ते. बहिऱ्या बाळांच्या विरोधात कोणी हात वर करत नाही. त्यामुळे बिल मतदानात पडतच नाही, ते खर्चाच्या समितीत निजतं. प्रत्येक बिलाला खर्चाचा अंदाज जोडतात, फिस्कल नोट म्हणतात त्याला. कॅलिफोर्नियात तर ठरावीक रकमेच्या वरची बिलं 'सस्पेन्स फाइल' नावाच्या गठ्ठ्यात जातात आणि पुष्कळशी तिथेच संपतात. हा अंदाज तयार होताना आरोग्य खात्याला आकडा विचारला जातो, आणि अचानक विचारलं की कोणीही घाबरून मोठा आकडा देतो. म्हणून खात्याच्या नवजात तपासणी विभागाच्या प्रमुखांना आधीच भेटा. सरकारी नोकर म्हणून ते बिलाची बाजू घेऊ शकत नाहीत, पण प्रश्नांची उत्तरं देऊ शकतात. विचारा: वर्षाला किती बाळं नापास होतात, त्यांच्यामागे फोन करायला माणूस आहे का, नसला तर किती लागतील? आम्हाला त्या भेटीत जे कळलं त्यावर अख्खं बिल उभं राहिलं. कानाच्या तपासणीचा पाठपुरावा करणारी माणसं खात्यात आधीच होती. त्यांच्या यादीत एक रकाना वाढवायचा होता.

विरोध येईल तो हॉस्पिटलांच्या संघटनेकडून आणि काही डॉक्टरांकडून. वाईट माणसं नाहीत ती. त्यांचं म्हणणं, औषधोपचार कसा करायचा ते कायद्याने सांगू नये. त्यांना सुनावणीच्या दिवशी पहिल्यांदा भेटू नका, आधी भेटा. ते दुरुस्त्या सुचवतील. पत्रकाची भाषा, अहवाल कधी द्यायचा, अंमल कधीपासून, या सगळ्यात सोडून द्या. दोन ठिकाणी सोडू नका: दिवसांची मुदत, आणि सक्तीचं कलम ऐच्छिक करणं. आमच्या बिलात शेवटच्या आठवड्यात कोणीतरी गुपचूप तेच करायला निघालं होतं. त्या सहायक पोराने फोन केला म्हणून कळलं.

मुलीच्या नावाबद्दल तुमच्या बायकोचं बरोबर आहे, शंभर टक्के. समितीच्या सुनावण्यांचं बऱ्याच राज्यांत चित्रीकरण होतं आणि ते संकेतस्थळावर राहतं. उद्या ही मुलगी वीस वर्षांची होईल आणि कोणीही तिचं नाव शोधून बघेल. नाव घ्यावं असा नियम कुठे नाही. मी सगळीकडे 'माझा मुलगा' म्हटलं. फोटो एकच, पाठमोरा, कानामागचं यंत्र दिसेल असा. लेखी साक्षही सार्वजनिक कागद होते, म्हणून तिला वैद्यकीय अहवाल कधीच जोडायचा नाही. मुलाचं नाव कायद्याला देणारे पालक आहेत, त्यांचा निर्णय त्यांचा.

साक्षीला दोन-तीन मिनिटं मिळतात. घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघा, तीनशे शब्दांच्या वर जाऊ नका. वाट मात्र तासन्‌तास बघावी लागते, डबा न्या. आमच्या आधी त्या दिवशी मासेमारीच्या परवान्यांवर इतका वेळ चर्चा चालली की मला आता ट्राउट माशाची सगळी कुंडली पाठ आहे.

झिपरी

कृष्णाकाठ यांना +१. मी इलिनॉयमध्ये आहे. इथे सुनावणीला न जाताही 'विटनेस स्लिप' भरता येते, विधिमंडळाच्या संकेतस्थळावर. नाव, पत्ता, बाजूने की विरोधात, आणि 'फक्त नोंद, बोलणार नाही' अशी खूण. दोन मिनिटांचं काम. शाळेच्या एका बिलासाठी आम्ही महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक फिरवली होती, सुनावणीच्या आदल्या रात्रीपर्यंत स्लिपा चढत होत्या. अध्यक्ष आकडा वाचून दाखवतात तेव्हा फरक पडतो. तुमच्या राज्यात काहीतरी असंच असेल, बघा.

मंडळाचे पदाधिकारी कधी कधी घाबरतात, "आपण करमुक्त संस्था, राजकारण नको". करमुक्त धर्मादाय संस्थेला उमेदवाराचा प्रचार पूर्ण बंद आहे. एखाद्या बिलाला पाठिंबा मर्यादित प्रमाणात देता येतो. सरळ विचारा.

टाचणी

मी नवजात तपासणीच्या लॅबमध्ये काम करते (कुठल्या ते सोडा). दोन-तीन गोष्टी, ज्या तुम्हाला समोरून विचारल्या जातील.

"टाचेचा ठिपका आधीच घेता, त्यावरच करा की सगळ्यांचं" असं एखादा आमदार म्हणेल. करता येतं, मिनेसोटा तेच करतं. पण ठिपक्यात रक्त अगदी थोडं असतं आणि त्यात विषाणू कमी. २०१० च्या सुमाराच्या पद्धतींनी निम्मीसुद्धा बाळं सापडत नव्हती. सुधारलेल्या पद्धतींनी साधारण चारांतली तीन सापडतात, लाळेवर नव्वद टक्क्यांच्या वर. उलट प्रत्येक बाळाची वेगळी लाळ गोळा करायची म्हणजे हॉस्पिटलला नवं काम. यात बरोबर-चूक नाही, राज्याला जे झेपेल ते. मिनेसोटात पहिल्या वर्षी साठ हजारांच्या आसपास बाळं तपासली, त्यात हजारी साधारण तीन सापडली. चारांतलं एक निसटतं हे धरलं तरी लॅब कोलमडून पडली नाही, हे सांगायला तो आकडा उपयोगी आहे.

लाळेचा नमुना दूध पाजल्यानंतर लगेच घेतला तर आईच्या दुधातला विषाणू सापडून खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून तासभर थांबायचं, आणि पॉझिटिव्ह आलं की लघवीवर खात्री करायची. कायद्यात हे लिहायची गरज नाही, फक्त लाळेच्या जोडीला लघवीची खात्री-चाचणीही २१ दिवसांत बसली पाहिजे, हे मसुदा लिहिणाऱ्याला सांगा. तिथे हमखास दुर्लक्ष होतं.

"ऐंशी टक्के बाळं ठणठणीत राहतात, त्यांच्या आईबापांना उगाच घोर कशाला?" हा प्रश्न येणारच. त्यावर उत्तर: त्या बाळांना औषध द्यायचं नसतं. काही वर्षं ठरावीक अंतराने कान तपासायचे असतात, कारण ऐकणं नंतर कमी होऊ शकतं आणि लक्षात येईपर्यंत बोलणं मागे पडतं. घोर आहे हे मान्य करा, नाकारू नका. आमदारांना ते आवडतं. औषधाबद्दलही छातीठोक काही बोलू नका. २०१५ च्या अभ्यासात सहा महिने व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर दिलेल्या बाळांचं ऐकणं आणि वाढ थोडी बरी राहिली, पण ती लक्षणं असलेली बाळं होती, आणि औषधाने पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून सतत रक्त तपासावं लागतं. फक्त कानावरच परिणाम असेल तर द्यावं की नाही यावर डॉक्टरांत एकमत नाही. "चाचणी झाली असती तर आम्हाला निर्णय घेता आला असता" हे तुमचं वाक्य अगदी योग्य आहे, त्याच्या पुढे जाऊ नका.

आणि रानजाई, हे तुमच्या पत्नीला वाचून दाखवा. भारतात वाढलेल्या बहुतेक सगळ्या बायकांना हा संसर्ग लहानपणीच होऊन गेलेला असतो, नव्वद टक्क्यांच्या वर. एकदा शिरला की तो शरीरात दबा धरून राहतो. गरोदरपणात तोच पुन्हा जागा होऊ शकतो, किंवा दुसऱ्या प्रकारचा नव्याने लागू शकतो. पहिल्यांदाच संसर्ग झालेल्या आईकडून बाळाला लागण्याची शक्यता तीनात एक किंवा थोडी जास्त, आधी होऊन गेलेल्या आईकडून शेकडा एकाच्या आसपास, पण शून्य नाही. त्यामुळे त्या ताटलीतून आला, असं कोणतीही लॅब सांगू शकत नाही. हे समजूत काढायला लिहिलेलं नाही, आमच्या कामातली वस्तुस्थिती आहे.

रानजाई

सगळ्यांचे आभार. टाचणी, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, फोन घेऊन तिने तो स्वतः परत वाचला.

आणि आता ती म्हणतेय, साक्ष द्यायची वेळ आलीच तर मी देते, तू घाबरशील. खरंय. खात्याच्या सल्लागार समितीची पुढची बैठक कधी ते सापडलं, ऑनलाइन बघता येते. कृष्णाकाठ, एक शेवटचं विचारतो. आमदाराच्या ऑफिसला पहिली ई-मेल लिहायला बसलो की मजकूर तरी दोन पानी होतो नाहीतर भीक मागितल्यासारखा. तुम्ही काय लिहिलं होतं?

कृष्णाकाठ

माझी होती तशी आता सापडत नाही, पण साधारण अशी. इंग्रजीत लिहालच, मी मराठीत सांगते.

विषयाच्या ओळीत तुमच्या गावाचं नाव आणि पिन कोड. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण सहायक पहिल्यांदा बघतो तो एवढंच, की हा माणूस आपल्या मतदारसंघातला आहे का. मग:

"मी आणि माझी पत्नी तुमच्या मतदारसंघात राहतो. आमच्या मुलीला जन्मजात सीएमव्हीमुळे एका कानाने ऐकू येत नाही. हा संसर्ग जन्मानंतर २१ दिवसांतच खात्रीने ओळखता येतो. ती कानाच्या तपासणीत दुसऱ्याच दिवशी नापास झाली होती, पण पुढची तपासणी चौथ्या आठवड्यात ठेवली गेली. कानाच्या तपासणीत नापास होणाऱ्या बाळांची सीएमव्ही चाचणी मुदतीत व्हावी असा कायदा युटाने २०१३ मध्ये केला आहे. आपल्या राज्यात असा कायदा आणण्याबद्दल तुमच्याशी किंवा आरोग्य विषय बघणाऱ्या तुमच्या सहकाऱ्याशी पंधरा मिनिटं बोलायचं आहे. येत्या दोन आठवड्यांत कधीही, प्रत्यक्ष किंवा फोनवर."

बस. 'तुमच्या सहकाऱ्याशी' हे मुद्दाम घाला, त्याने भेट लवकर मिळते. आभार एकदाच माना. पाठवायच्या आधी ऑफिसला फोन करून आरोग्याची बिलं कोण बघतं त्याचं नाव विचारून घ्या आणि ई-मेल त्यालाच पाठवा, आमदाराच्या सामायिक पेटीत टाकू नका. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर फोन. पुन्हा नाही आलं तर पुन्हा फोन. ती मंडळी आळशी नसतात, बुडालेली असतात.

पत्नी बोलणार असेल तर फारच छान. डेकेअरचा मुद्दा तिलाच मांडू द्या. मसुद्यात गरोदर बायकांच्या डॉक्टरांबरोबर परवानाधारक डेकेअरलाही माहिती देण्याचं कलम घालून घ्या. डेकेअरमध्ये काम करणाऱ्या बहुतेक बायका तरुण असतात आणि दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांची शेंबडं पुसतात, लंगोट बदलतात. त्यांना हे कोणीच सांगत नाही. आमच्या बिलात हे कलम राहून गेलं होतं, आता दुरुस्ती आणायचं चाललंय. तुमचा मसुदा तयार झाला की मला संदेशातून पाठवा, आमचा मी तुम्हाला पाठवते.